निशाण उलटं करून बघ

तू लिहिलेलं थोडक्यात असं: लंडनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या मिरवणुकांसाठी बायकांनी केलेल्या निशाणांवर तू प्रकल्प करते आहेस. तुझ्या मार्गदर्शकांनी 'हा प्रचार झाला, कला नव्हे' असं म्हणून विषय बदलायला सुचवलंय. आणि तुला तीन गोष्टी हव्या आहेत : ही निशाणं केली कोणी, कापडच का, आणि यातला एखादा धागा आपल्याकडे येतो का.

मी इतिहासाची माणूस नाही. तीसेक वर्षं भरतकाम शिकवते आणि लोकांची जुनी कापडं दुरुस्त करते. कापड हातात आलं की मी ते आधी उलटं करते. पुढून सगळीच कामं देखणी दिसतात. गाठी कुठे मारल्यात, दोरा कुठे संपला, एकीने भरलंय की चौघींनी, अस्तर नंतर लावलंय का, हे सगळं मागे कळतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही मी तसंच देणार आहे. घोषणा काय लिहिली होती हे पुस्तकात सापडेल. काम कसं झालं ते बघू.

सुरुवात मेरी लाउंड्सपासून कर. ही बाई चित्रकार म्हणून नव्हे, चर्चच्या खिडक्यांसाठी रंगीत काचचित्रं करणारी म्हणून पोट भरत होती. १८९७मध्ये तिने आल्फ्रेड ड्रुरी नावाच्या काचकारागिराबरोबर भागीदारीत व्यवसाय काढला आणि पुढे १९०६मध्ये लंडनच्या फुलम भागात स्वतःची काचशाळा उभी केली. 'द ग्लास हाउस' हे तिचं नाव. तिथे भट्टी, टेबल, कापायची जागा भाड्याने मिळायची, त्यामुळे ज्या बायकांना स्वतःचा कारखाना काढणं शक्य नव्हतं त्याही तिथे काम करू शकल्या. जानेवारी १९०७मध्ये याच बाईच्या पुढाकाराने 'आर्टिस्ट्स सफ्रेज लीग' ही कलावंतांची मताधिकार-संघटना निघाली. निमित्त होतं पुढच्या महिन्यातल्या मोर्चाचं. ९ फेब्रुवारीला सुमारे ३ हजार बायका भर पावसात हाइड पार्कपासून चालत निघाल्या. रस्त्यावर इतका चिखल होता की त्या मोर्चाला 'चिखल-मोर्चा' हेच नाव पडलं.

आता कापडच का, याचं उत्तर. त्या काळात लंडनमध्ये मोर्चाची निशाणं नवी नव्हती. कामगार संघटनांची भलीमोठी रेशमी निशाणं जॉर्ज टटिल याच्या कारखान्यातून यायची. रेशमावर तैलरंगात रंगवलेली, दोन दांड्यांची, पुरुषभर उंचीच्याही वर. दिसायला भारदस्त, पण घडी घातली की रंगाला भेगा पडणार. लाउंड्सच्या गटाने तो रस्ता धरला नाही. त्यांनी तुकडेकाम निवडलं, ज्याला तुम्ही मुलं अॅप्लिके म्हणता : एका कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार कापून बसवायचे आणि कडेने टाक्यांनी किंवा दोरीने बांधायचे. मखमल, रेशीम, लिनन, सुती, जे जिथे शोभेल ते. आणि अक्षरंही कापडाचीच.

काचचित्र ज्याने केलंय त्याला हे लगेच कळेल. काचेच्या खिडकीत रंग मिसळत नाहीत. प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा आणि दोन तुकड्यांमध्ये शिशाची पट्टी. ती पट्टी दुरून काळी रेघ म्हणून दिसते आणि चित्र वाचायला मदत करते. लाउंड्सची निशाणं बघ. शिशाच्या जागी दोरी आली, काचेच्या जागी मखमल. मोठे सपाट रंग, जाड कडा, बारीक छटा जवळजवळ नाहीतच. तिच्या आराखड्यांचा संग्रह आज लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या विमेन्स लायब्ररीत आहे. त्यात रंगवलेल्या आराखड्यांशेजारी प्रत्यक्ष कापडाचे नमुने लावलेले आहेत. कागदावरचा निळा आणि मखमलीचा निळा यांत फरक पडतो हे तिला ठाऊक होतं. मखमलीची लव एका बाजूला वळली की तोच रंग गडद होतो. आमच्याकडे साडीच्या दुकानात गिऱ्हाईक पदर उजेडात धरून बघतं ना, तेच.

१९०९मध्ये तिने निशाण कसं करावं यावर एक निबंध लिहिला. त्यात तिचं म्हणणं असं की निशाण म्हणजे काही मजकुराचा कागद नाही. वाचायच्या गोष्टी पाट्यांवर लिहा, निशाण वाऱ्यावर लहरायला हवं, अर्धं दिसावं आणि अर्धं लपावं. मला हे वाचल्यावर हसू आलं, कारण मराठीत हा भेद शब्दांतच आहे. फलक वाचायचा असतो, निशाण बघायचं असतं. दिंडीतली पताका कोणी वाचत नाही. हल्ली मात्र आपण दोन्ही विसरलो आणि सगळीकडे फ्लेक्स लावले. असो.

१३ जून १९०८ला यांची पहिली मोठी परीक्षा झाली. नदीकाठच्या रस्त्यावरून अल्बर्ट हॉलपर्यंत दहा हजारांवर बायका चालल्या आणि त्यांच्यासोबत लीगने आखलेली सत्तरहून जास्त निशाणं होती. गावांची निशाणं वेगळी, धंद्यांची वेगळी. डॉक्टर, शिक्षिका, लेखिका अशा प्रत्येकीची ओळ. लेखिकांचं काळ्या आणि सायीच्या रंगाच्या मखमलीचं होतं. काही निशाणं थोर स्त्रियांच्या नावांची होती : जोन ऑफ आर्क, एलिझाबेथ फ्राय, जेन ऑस्टिन, मेरी क्युरी. क्युरीबाई तर तेव्हा हयात होत्या! नंतर ही निशाणं प्रदर्शनात मांडली आणि गावोगाव फिरवली. म्हणजे जी बाई मोर्चाला आली नाही तिनेही ती जवळून पाहिली, टाके पाहिले. केंब्रिजच्या निशाणाचा आराखडा लाउंड्सचा, पण ते शिवलं गर्टन आणि न्यूनम या कॉलेजांच्या मुलींनी. ते अजून न्यूनममध्ये आहे. आराखडा एकीचा आणि हात अनेकींचे, ही पद्धत तुझ्या प्रकल्पात ठळक कर. 'केलं कोणी' याचं उत्तर बहुतेक वेळा एका नावात बसत नाही.

आता तुझ्या सरांचा मुद्दा. 'कला नव्हे' असं ते म्हणतात तेव्हा त्यांना विचार की तेव्हा इंग्लंडात कला कोणाची होती. रॉयल अकॅडमी ही तिथली चित्रकार-शिल्पकारांची मानाची संस्था १७६८मध्ये निघाली तेव्हा संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. त्यांच्यानंतर पूर्ण सभासद म्हणून पुढची बाई घेतली ती १९३६मध्ये, लॉरा नाइट. मधली एकशे अडुसष्ट वर्षं दार बंद. कारागिरांची म्हणून जी मोठी संस्था होती, आर्ट वर्कर्स गिल्ड, तिथेही बायकांना मज्जाव. म्हणून मे मॉरिस नावाच्या भरतकाम करणाऱ्या बाईने १९०७मध्ये बायकांचं वेगळं गिल्ड काढलं. याचा परिणाम असा झाला की हुशार मुली काच, मिनाकाम, लाकूड-कोरीवकाम, भरतकाम यांत गेल्या आणि तिथे पक्क्या तयार झाल्या. मताच्या चळवळीला जेव्हा हात हवे होते तेव्हा हे हात तयारच होते. त्यांना उपयोजित म्हणा, हस्तकला म्हणा, काहीही म्हणा. मला स्वतःला त्या वादात फारसा रस नाही.

कागदाकडे वळायचं तर 'सफ्रेज अटेलिये' बघ. फेब्रुवारी १९०९मध्ये निघालेला हा दुसरा गट. यात लॉरेन्स हाउसमन आणि त्याची बहीण क्लेमेन्स ही मुख्य माणसं. क्लेमेन्स लाकडावर कोरून छपाईचे ठसे करायची. लंडनच्या केनिंग्टन भागातल्या कलाशाळेत शिकली, आणि पुढे फोटोवरून ठसे करायची नवी पद्धत आली आणि तिचा धंदाच बसत चालला. अशी बाई मोर्चाच्या कामाला लागली तेव्हा तिच्या हाताला पुन्हा काम मिळालं, असं मी वाचते. अटेलियेची पोस्टरं हाताने ठसे कोरून छापायची होती, म्हणजे छापखान्यावर विसंबायला नको. आज सभागृहात काही घडलं तर लगेच चित्र तयार. तंत्र आणि घाई यांचा असा मेळ बसला होता.

आणि पैशाचं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. अटेलिये चित्र देणाऱ्या बाईला विक्रीच्या नफ्यातला वाटा द्यायचं. चळवळीचं काम म्हणजे फुकटच करायचं, हा आपला समज. मी स्वतः कितीतरी संस्थांसाठी निशाणं शिवून दिली, चहा आणि नारळ यावर. एका संस्थेने तर दोऱ्याचे पैसेसुद्धा दिले नाहीत आणि वर 'ताई, तुमचा आम्हाला अभिमान आहे' म्हणाले. म्हणून तो नफ्यातला वाटा मला फार मोठा वाटतो.

त्यांच्या पोस्टरांतलं एक तू नक्की बघितलं असशील : वरच्या ओळीत महापौर, परिचारिका, आई, डॉक्टर किंवा शिक्षिका, गिरणी-कामगार अशा बायका, ज्यांना मत नाही. खालच्या ओळीत गुन्हेगार, वेडा, दारुडा असे पुरुष, ज्यांचं मत जात नाही. धारदार आहे, पण वेड्यांना वाळीत टाकून केलेला विनोद आज मला बोचतो. तेही लिही. चळवळीचं सगळंच गोड मानायचं कारण नाही.

क्लेमेन्स १९११मध्ये घरपट्टीसारखा कर भरायला नकार देऊन तुरुंगात गेली. मत नाही तर कर नाही, इतकं साधं. आठवडाभरात सोडली. एमेलिन पँकहर्स्ट यांच्या मताधिकार-संघटनेच्या केन्सिंग्टन शाखेसाठी भावाने १९०८मध्ये आखलेलं 'तुरुंगातून नागरिकत्वाकडे' या अर्थाचं निशाण तिने शिवलं होतं. ते शिवल्यावर तीन वर्षांनी ती स्वतः तुरुंगात!

तुरुंगाचा विषय निघाला म्हणून आता माझ्या आवडीच्या बाईकडे येते. अॅन मॅकबेथ, ग्लासगोच्या कलाशाळेत भरतकाम शिकवायची. तो विभाग जेसी न्यूबरीने १८९४मध्ये सुरू केला आणि तिच्यानंतर मॅकबेथ प्रमुख झाली. या दोघींनी जे केलं ते मी रोज वर्गात वापरते, इतकं ते माझ्या अंगी मुरलंय. तोवर शाळेत मुलींना पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने, डोळे फुटेस्तोवर बारीक टाके घालायला लावत. मॅकबेथ आणि मार्गारेट स्वॉन्सन यांनी १९११च्या त्यांच्या पुस्तकात उलटं सांगितलं : लहान मुलीला जाड कापड, जाड सुई आणि उठून दिसणारा रंगीत दोरा द्या. धावदोरा मोठा घालू द्या. हात बसला की टाका आपोआप लहान होतो. कापडही महागडं नको, साधं खडबडीत चालतं. आमच्या शाळेत शिवणाच्या तासाला रुमालाची तुरपाई उसवून उसवून रडवायचे, त्या बाईंना हे पुस्तक कोणी वाचून दाखवायला हवं होतं.

१९१०च्या एप्रिलमध्ये ग्लासगोत चळवळीसाठी निधी उभा करायला बाजार भरला. त्यासाठी मॅकबेथने एक लिननची गोधडी आखली. जांभळा, पांढरा, हिरवा हे पँकहर्स्टबाईंच्या संघटनेचे रंग. आणि त्यावर तुरुंगात उपोषण केलेल्या ८० बायकांच्या सह्या, प्रत्येक सहीवर टाके घालून भरलेल्या. नंबर नव्हे, छापील नाव नव्हे, सही. ती गोधडी त्या संघटनेच्या खजिनदार एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी १० पौंडांना घेतली आणि पुढे जूनच्या मिरवणुकीत ती निशाण होऊन रस्त्यावर आली. आज ती लंडनच्या संग्रहालयात आहे.

सही भरणं म्हणजे काय ते कधी करून बघ. हस्ताक्षर पेनने एका दमात होतं. सुईने तेच अक्षर वळवायला देठटाक्याचे वीस-पंचवीस टाके लागतात. कुठे अक्षर तिरकं, कुठे शेपटी लांब, ते सगळं हाताला पाळावं लागतं. दुसऱ्या बाईची सही भरताना तिचा हात तुझ्या हातात येतो. अशाच सह्यांचा एक रुमाल ससेक्समधल्या वेस्ट होथली गावी जपून ठेवलाय. मार्च १९१२मध्ये हॉलोवे तुरुंगात असलेल्या ६६ जणींच्या सह्या त्यावर भरलेल्या आहेत. तुरुंगात बायकांना शिक्षेचं काम म्हणून शिवणकामही करावं लागायचं, त्यामुळे सुई-दोरा ही तिथली सर्वांत निरुपद्रवी वस्तू समजली जायची. त्यांनी शिक्षेचंच हत्यार वापरलं.

पँकहर्स्टबाईंची मुलगी सिल्विया, तिच्याबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मँचेस्टर आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्ट इथे शिकलेली खरी चित्रकार. १९०७मध्ये ती इंग्लंडच्या मध्य आणि उत्तर भागांत आणि स्कॉटलंडमध्ये फिरून साखळ्या घडवणाऱ्या, मातीची भांडी करणाऱ्या, कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी आणि सुतगिरण्यांत राबणाऱ्या बायका जलरंगात रंगवत होती. मे १९०९मध्ये नाइट्सब्रिजच्या स्केटिंग-सभागृहातल्या प्रदर्शनासाठी तिने वीस-वीस फूट उंचीची चित्रं भिंतभर केली. त्यांचे आज फोटोच उरलेत. चळवळीसाठी तुरुंगात जाऊन आलेल्या बायकांना मिळणारी जाळीदार फाटकाची पिनही तिचीच. मग हळूहळू चित्रं सुटली आणि चळवळ राहिली. कोणी म्हणतं नुकसान झालं. मला तिची ती खाणीवरची जलरंगातली मुलगी बघितली की वाईट वाटतं, इतकंच.

एक इशारा. बाजारात जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या खड्यांचा जुना दागिना दिसला की व्यापारी 'सफ्रजेट पिन' म्हणून भाव वाढवतात. त्या काळी हे खडे फॅशनमध्ये होतेच आणि बहुतेकांचा चळवळीशी संबंध नाही. चळवळीचं खरं मिनाकाम पाहायचं तर अर्नेस्टिन मिल्स या मिनाकाम करणाऱ्या बाईचं बघ.

आता आपल्याकडचा धागा, आणि तो तुला अपेक्षा नसेल तिथे आहे : अजिंठ्याला.

क्रिस्टियाना हेरिंगम ही लंडनची बाई. तिने १८९९मध्ये चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराचा रंगविद्येवरचा ग्रंथ इंग्रजीत आणला, आणि नुसता आणला नाही तर त्यातल्या कृती स्वतः करून पाहिल्या. अंड्याच्या बलकात रंग घोटायची जुनी रीत तिच्यामुळे इंग्लंडात पुन्हा सुरू झाली. हीच बाई लाउंड्सच्या गटासाठी मताधिकाराची निशाणं शिवायला सुई घेऊन बसत होती. आणि हीच बाई पन्नाशी उलटल्यावर, १९०९-१० आणि १९१०-११च्या हिवाळ्यांत, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या अजिंठ्याला आली आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. बरोबर डोरोथी लार्चर होती, जी पुढे हाताने ठसे छापून कापड रंगवण्यासाठी नावाजली. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असित हलदर आले, हैदराबादहून सय्यद अहमद. याआधीच्या दोन्ही मोठ्या नकला, रॉबर्ट गिलच्या आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्सच्या हाताखाली केलेल्या, लंडनमध्ये वेगवेगळ्या आगींत मोठ्या प्रमाणात जळाल्या होत्या. म्हणून पुन्हा करायची गरज होती. अंधार, ओल, वटवाघळं आणि मधमाश्या यांच्यात शिडीवर उभं राहून. १९१५मध्ये त्या पुस्तकरूपाने निघाल्या. तोवर तिचं मानसिक स्वास्थ्य ढळलं होतं आणि उरलेलं आयुष्य, १९२९पर्यंत, इस्पितळांत गेलं.

तिच्या नकलांनाही लोक 'नक्कल, कला नव्हे' म्हणतात. तुझ्या सरांना हे सांगू नकोस, उगाच वाद.

दुसरा धागा आणखी छोटा आहे. १९११मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आपल्या मुलीला, मिठनला, घेऊन काश्मीरला गेल्या होत्या. तिथे त्यांना राजकन्या सोफिया दलीपसिंग भेटल्या, लंडनच्या चळवळीतल्या. त्यांच्या अंगावर 'बायकांना मत' असं लिहिलेला एक लहानसा बिल्ला होता. हेराबाईंनी तो काय आहे म्हणून विचारलं आणि तिथून त्या या कामात ओढल्या गेल्या. १९१९मध्ये मायलेकी हिंदी स्त्रियांची बाजू मांडायला लंडनला गेल्या. इकडे मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे यांच्यासारख्या बायका झटत होत्या. १९२१मध्ये इलाख्याच्या कायदेमंडळाने बायकांना मत दिलं, मालमत्तेची अट ठेवून. इंग्लंडातही १९१८चा कायदा तिशीच्या पुढच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांपुरताच होता. न्यूनममध्ये निशाण शिवणाऱ्या एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला तेव्हाही थांबावं लागलं असणार. एकविसाव्या वर्षी सरसकट मत १९२८मध्ये आलं.

बिल्ल्याचं मला विशेष वाटतं. तो वाचायला जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की बोलणं होतं.

प्रकल्पासाठी एक काम कर. संग्रहालयांना पत्र लिहिशील तेव्हा निशाणाच्या मागच्या बाजूचा फोटो माग. नसला तरी ते विचार करतील. त्या काळचं रेशीम पुष्कळदा धातूच्या क्षारांनी जड केलेलं असायचं, ते आता घडीवर चिरतं, म्हणून मूळ वस्तू बाहेर काढायला ते राजी होणार नाहीत. त्यात त्यांची चूक नाही. आणि एक निशाण स्वतः शिव. दोन मीटर सुती कापड, वर दुसऱ्या रंगाचं तुकडेकाम, अक्षरं कमीत कमी, आणि वाऱ्यात धरून बघ. बांबू ओवायचा नेफा ऐसपैस ठेव. मी पहिल्या वेळी तो बांबूच्या मापाचाच ठेवला होता आणि मिरवणुकीच्या सकाळी बांबू गाठीपाशी अडकून बसला.